डॉक्टरकाकांना विचारा : ठोका चुकला की आधी पडला?

बालमित्रांनो, या आठवड्यात नशिराबादहून आठवीतल्या एका मित्राचं पत्र आलंय. तो विचारतो, "रात्री अंथरुणावर पडलो की छातीत मध्येच धस्स होतं. ठोका चुकल्यासारखा वाटतो. आजोबांनाही असंच होतं. घरी सांगितलं तर माझी कबड्डी बंद होईल का?"

मित्रा, बहुतेक वेळा ठोका चुकत नाही, तो वेळेआधी पडतो! हृदयाचे वरचे दोन कप्पे म्हणजे कर्णिका, खालचे दोन म्हणजे जवनिका. उजव्या कर्णिकेत पेशींचा एक छोटासा पुंजका असतो. कीथ आणि फ्लॅक या शास्त्रज्ञांनी तो १९०७ साली दाखवून दिला. शाळेतल्या शिपाईमामांसारखा तो ठरल्या वेळी घंटा देतो. कधी कर्णिकेतलीच दुसरी एखादी जागा खोडकर पोरासारखी आधीच टोला हाणते. जवनिका पुरत्या भरलेल्या नसतात, म्हणून हा ठोका फुसका. मग क्षणभर थांबा. तेवढ्यात जास्त रक्त भरतं आणि पुढचा ठोका दणक्यात बसतो. तेच तुझं 'धस्स'!

असे जादा ठोके धडधाकट माणसांतही आढळतात. ताप, जागरण, परीक्षेची धास्ती यांनी ते वाढू शकतात. हृदय निरोगी असेल तर मुलांना सहसा औषध लागत नाही, खेळही सोडावा लागत नाही. मात्र खेळताना चक्कर आली, शुद्ध हरपली, छातीत दुखलं किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक दगावलं असेल, तर खेळ थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवायचं.

आजोबांची गोष्ट वेगळी. उतारवयात असे ठोके वारंवार पडू लागले, तर पुढे कर्णिका नुसत्याच थरथरू लागण्याचा धोका वाढतो. तेव्हा आत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेली तर पक्षाघात! वेळीच कळलं तर औषधांनी हा धोका बराच कमी होतो.

तेव्हा घरी आजच सांग. जळगाव तुम्हाला जवळच आहे. दोघेही जाऊन ईसीजी काढून घ्या. गरज वाटली तर डॉक्टर दिवसभर ठोके नोंदवणारं होल्टर यंत्रही लावतील.

तोवर सगळ्यांनी एक करा. मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. श्वास घेताना ती किंचित जलद, सोडताना मंद होईल. घाबरू नका, मुलांमध्ये ते नेहमीचंच आहे!

— तुमचे डॉक्टरकाका