टी-शर्टावरचा संघ गेला कुठे?

दोस्तांनो, या वेळच्या टपालात मांजरीहून एक पत्र आलंय. वहीचं फाडलेलं पान, मागच्या बाजूला अर्धवट सोडवलेलं त्रैराशिक. पत्र लिहिणारा सातवीत आहे. तो म्हणतो, "मामेभावाने मला त्याचा जुना टी-शर्ट दिला. त्यावर एफसी पुणे सिटी लिहिलंय. मी तो घालून फुटबॉल खेळतो. पण वर्गातली पोरं म्हणतात, असा संघच नाही. आहे की नाही ते लवकर कळवा. पैज लागलीय."

मित्रा, पैज तू निम्मी हरलास. संघ होता, अगदी खराखुरा. आता नाही.

गोष्ट २०१४ ची. इंडियन सुपर लीग त्या वर्षी सुरू झाली आणि पुण्याचा संघ पहिल्यापासून तिच्यात होता. मालकांमध्ये हृतिक रोशन. पहिल्याच वर्षी खेळायला कोण आला, तर फ्रान्सकडून १९९८ चा विश्वचषक जिंकलेला डेव्हिड त्रेझेगे! सामने बालेवाडीला, म्हणजे तुझ्या मांजरीच्या बरोबर उलट्या टोकाला. तुझा मामेभाऊ दोन बस बदलून गेला असेल, तर त्याला माझा सलाम सांग.

सगळ्यात चांगलं वर्ष २०१७-१८ चं. मार्सेलिन्यो आणि अल्फारो ही जोडी जोरात होती. संघ थेट उपांत्य फेरीत पोचला. बालेवाडीत बेंगळुरूशी गोलशून्य बरोबरी झाली, पण परतीच्या सामन्यात सुनील छेत्रीने एकट्याने तीन गोल मारले आणि आपला संघ ३-१ हरला. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, पैशाची ओढाताण इतकी झाली की मालकांनी संघ गुंडाळला.

आता गंमत ऐका. लीगमधली जागा ही आगगाडीच्या रिझर्व्हेशनसारखी असते. एक प्रवासी उतरला की तीच सीट दुसऱ्याला मिळते. पुण्याची सीट हैदराबादला मिळाली. हैदराबाद एफसी नावाचा संघ उभा राहिला आणि मार्च २०२२ मध्ये गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर केरळला पेनल्टींवर हरवून चक्क विजेता झाला! पण त्यांनाही ती सीट फार दिवस लाभली नाही. २०२५ मध्ये तो संघ दिल्लीला हलला, नावसुद्धा बदललं. हैदराबादमध्येही आता कुणीतरी तुझ्यासारखाच पैज हरत असेल.

तुला वाटेल, पुण्याचंच नशीब फुटकं. थोडंसं आहे खरं. २०१५ ते २०१९ या पाच वर्षांत आपल्या एका शहरातले चार व्यावसायिक फुटबॉल संघ मिटले. भारत एफसी तर एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये थांबला. आणि मला सगळ्यात हळहळ वाटते ती पुणे एफसीची. २००७ मध्ये सुरू झालेला संघ, टोपणनाव 'रेड लिझर्ड्स'. लाल घोरपडच म्हणा ना. सिंहगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना घोरपडीचं महत्त्व मी काय सांगणार! आय-लीगमध्ये आल्याबरोबर तिसरा नंबर, २०१२-१३ मध्ये दुसरा. शिवाय मामुर्डीला मुलांसाठी ॲकॅडमी. २०१५ मध्ये मोठ्यांचा संघ बंद झाला, तेव्हा ॲकॅडमी मात्र वाचली. ती पुढे एफसी पुणे सिटीने घेतली.

त्या ॲकॅडमीत मलप्पुरमहून आलेला एक मुलगा होता, आशिक कुरुनियन. आणि पुणे एफसीकडून सुरुवातीला खेळलेला मिझोरामचा एक मुलगा, जेजे. जानेवारी २०१९ मध्ये अबू धाबीला आशिया चषकात भारताने थायलंडला ४-१ हरवलं. आशिक पहिल्या अकरात होता आणि चौथा गोल जेजेचा. मी तो सामना बघताना उगाचच 'आपली पोरं, आपली पोरं' म्हणत होतो. खरं तर एक केरळचा, एक मिझोरामचा. पण दोघंही आपल्या पुण्याच्या मातीत घाम गाळून गेलेले, बरं का!

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. तुर्कस्तानात बास्केटबॉलचं वेड फार. तिथल्या उल्कर नावाच्या मोठ्या बिस्किट कंपनीचा स्वतःचा संघ होता. साधासुधा नाही, देशाचा विजेता, तोही चार वेळा. चौथं विजेतेपद २००६ मध्ये मिळालं आणि त्याच वर्षी संघ संपला! कंपनीने फेनरबाहचे या जुन्या क्लबशी हातमिळवणी केली. विजेत्या संघाचे पाठीराखे सुट्टीवरून परत आले, तर त्यांचा संघ दुसऱ्याच्या नावामागे शेपटासारखा जोडलेला: 'फेनरबाहचे उल्कर'. २०१५ मध्ये तेही शेपूट गळालं. फेनरबाहचे मात्र आहे. २०१७ मध्ये युरोपचं अजिंक्यपद जिंकणारा तो पहिला तुर्की संघ ठरला.

फेनरबाहचे १९०७ चा. त्याचा कट्टर वैरी गलातासराय १९०५ चा, आणि तो सुरू केला कुणी? शाळेतल्या मुलांनी! या दोन्ही क्लबांना एक मालक नाही, हजारो सभासद आहेत. कंपनी येते, जर्सीवर नाव लावते, निघून जाते. क्लब तिथेच.

आणि या दोघांच्या मधोमध, १९०६ मध्ये, आपल्या पुण्यात काय सुरू झालं माहीत आहे? डेक्कन जिमखाना. तोही सभासदांचाच. तुम्ही मधल्या सुट्टीत खो-खो खेळता ना, त्याचे नियम पहिल्यांदा नीट कागदावर आले ते तिथे, १९१४ च्या सुमारास. दोराबजी टाटा जिमखान्याचे अध्यक्ष असताना त्यांनी तिथल्या शर्यतीत खेडेगावची पोरं अनवाणी धावताना पाहिली आणि ऑलिंपिकला संघ पाठवायचं मनावर घेतलं. १९२० मध्ये पुण्यातच निवड चाचणी झाली. अँटवर्पला गेलेल्या त्या तुकडीतला बेळगावकडचा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावा आला. जिमखाना अजून जागेवर आहे. व्यावसायिक संघ चालवायला लागतात तेवढे कोट्यवधी रुपये त्याला कधी लागले नाहीत, हेही खरं. मालकाचे संघ वाईट असं मी म्हणणार नाही. त्रेझेगेला पुण्यात आणणं वर्गणीतून थोडंच जमलं असतं?

पत्राच्या शेवटी तू विचारलंस, "आम्ही नऊ जण मिळून मांजरीचा संघ काढतोय, नाव काय ठेवू?" नाव तुमचं तुम्ही ठरवा. पण एक वही करा. पहिल्या पानावर नऊ नावं, तारीख आणि कुणी किती वर्गणी दिली ते. बॉल कुणाच्या घरी राहणार, तेही लिहा. भांडणं नेहमी तिथूनच सुरू होतात. आणि ज्याचा बॉल तो रुसून घरी गेला, तर सामना थांबणार की नाही, हे आजच ठरवून टाका.

पैजेचे निम्मे पैसे देऊन टाक. आणि टी-शर्ट गरम पाण्यात बुडवू नको रे, पाठीवरचे नंबर सुटतात.