पिठूर चांदणं आणि पंचांग

या अंकाचा विषय आहे तरुणपणीच्या प्रेमाच्या आठवणी. साठी-सत्तरीतली माणसं हल्ली मोबाइलवर मोकळेपणानं लिहू लागली आहेत आणि नातवंडं ते चवीनं वाचताहेत, म्हणून आत्ताच हा विषय घ्यावासा वाटला. फक्त आम्ही तो जरा वेगळ्या बाजूनं धरला आहे: अशा गोष्टीत तपशील कुठे घसरतो?

निमगाव केतकीचंच घ्या. तुकोबांची पालखी मुक्कामाला आलेली, दिंड्यांच्या राहुट्या पडलेल्या, पानमळ्याच्या कडेला ती उभी आणि वर पिठूर चांदणं, अशी गोष्ट कुणी रंगवली तर ऐकायला झकासच. पण पालखी पंढरपुरात पोचते आषाढ शुद्ध दशमीला, आणि निमगावचा मुक्काम त्याच्या जवळजवळ आठवडाभर आधी. म्हणजे आकाशात चंद्राची नुसती कोर, तीही लवकर मावळणारी, आणि तीसुद्धा ढग नसतील तर! चांदणं बहुधा कोजागरीचं, पालखीला येऊन चिकटलेलं. तीच गत बहात्तरच्या दुष्काळात तंबूत पाहिलेल्या ‘बॉबी’ची. तो पडद्यावर आला १९७३च्या सप्टेंबरात.

एवढ्यावरून प्रेम खोटं ठरवायची घाई आम्हाला नाही. चांदणं का जोडलं गेलं, हेच आम्हाला जास्त रंजक वाटतं. (ज्यांच्या गोष्टीत एकही चूक नाही, त्यांच्याकडे मात्र आम्ही थोडं संशयानं पाहतो.)

तुमचीही गोष्ट पाठवा. पाठवण्याआधी पंचांग चाळा, आणि गोष्टीतली ‘ती’ किंवा ‘तो’ घरातच असेल, तर आधी तिथे वाचून दाखवा. तिकडून आलेली दुरुस्ती आम्ही शेजारीच छापू.