गेलेल्या पिकअपचं सुतक

‘जुनी डिझेल व्हेंटो किंवा रॅपिड घ्यायची असेल तर रिकॉल न झालेलीच शोधा.’ गाड्यांवर वर्षानुवर्षं अधिकारवाणीने बोलणाऱ्या एका जाणकारांचा हा सल्ला. त्यामागे बऱ्याच तक्रारी आहेत. फोक्सवॅगन कंपनीने प्रदूषण चाचणीत चोरी केली अमेरिकेत, शिक्षा भोगायची चाकणच्या गाडीने. रिकॉलमध्ये सॉफ्टवेअर बदललं की पिकअप जातो, अ‍ॅव्हरेज पडतं, ईजीआर व्हॉल्व काजळीने बसतो. गाडी पीयूसी पास होते, धूर दिसत नाही, मग कुणाचं काय बिघडलं? आणि एका गाडीने असा काय फरक पडतो? शेवटी, हे सगळं जर्मन गाड्यांना पाडण्याचं अमेरिकी कारस्थान.

कारस्थानाचा मुद्दा आधी उरकून टाकू. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात ज्यांनी या गाड्यांच्या सायलेन्सरला यंत्रं जोडून त्या रस्त्यावर पळवल्या, त्यांत अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे भारतातून गेलेले दोन संशोधक होते. पुढे सप्टेंबर 2015 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने फोक्सवॅगनला नोटीस दिली आणि जगभरात सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्यांत चाचणीपुरतंच प्रदूषण कमी करणारं सॉफ्टवेअर असल्याचं कंपनीने स्वतः कबूल केलं. भारतात मोजणी केली ती पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने. रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड बीएस-4 च्या प्रयोगशाळेतल्या मर्यादेच्या 1.1 ते 2.6 पट निघाले. डिसेंबर 2015 मध्ये ईए 189 इंजिनाच्या सुमारे 3 लाख 23 हजार गाड्या परत बोलावण्याची घोषणा झाली. कारस्थान असेलच तर त्याचा एक धागा पौड रोडच्या टेकडीवर, एआरएआयमध्ये सापडतो.

एका गाडीने फरक पडत नाही, हे खरंच. म्हणून तर मोजणी 3 लाखांची करतात.

आता पिकअप. इथे जाणकार पूर्ण चुकीचे नाहीत आणि म्हणूनच त्यांचा सल्ला जास्त घातक आहे. ईजीआर म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंचा काही भाग थंड करून पुन्हा सिलिंडरमध्ये सोडायचा. त्याने आत प्राणवायू कमी होतो, ज्वलनाचं तापमान उतरतं, नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. पण काजळी वाढते. खंबाटकीच्या घाटात ट्रकच्या मागे तिसऱ्या गिअरमध्ये, काटा दीड हजारावर, पाय अर्धाच दाबलेला, अशा वेळी जुनी व्हेंटो ओव्हरटेकला लगेच उचलायची. सॉफ्टवेअर बदलल्यावर तिथे क्षणभर पोकळी जाणवते आणि मग एकदम रेटा येतो, असं सांगणारे मालक खोटं बोलत नसतात. ‘ताकद आणि टॉर्क तेवढेच आहेत’ म्हणणारी कंपनीही त्या आकड्यापुरती खोटं बोलत नसते. माहितीपत्रकातला ताकदीचा आकडा पाय पूर्ण दाबलेला असतानाचा. तेव्हा ईजीआर जवळजवळ बंदच असतो. घाटातली पोकळी त्या आकड्यात दिसणारच नाही.

म्हणजे तक्रार खरी. निष्कर्ष मात्र उफराटा. जाणकार रिकॉल न झालेल्या गाडीला ‘अस्सल’ म्हणतात. अस्सल कुठली? प्रयोगशाळेत गाडी रोलरवर सुमारे वीस मिनिटं चालते, आपल्याकडच्या चाचणीत वेग 90 किलोमीटरच्या वर जात नाही आणि स्टिअरिंग कुणी फिरवत नाही. हेच ताडून ते सॉफ्टवेअर ओळखायचं की परीक्षा चालू आहे. ते ओळखलं की गाडी सभ्य व्हायची. परवाना मिळाला तो त्या सभ्य गाडीला. शोरूममधून घरी आली ती दुसरीच. आकडा टाकून वीज घेणाऱ्या घरात एसी दिवसभर चालतो. वायरमनने आकडा काढून मीटर जोडला की घरमालक म्हणतो, मीटर बसवल्यापासून बिल वाढलं! वाढलंच. फरक एवढाच की गाडीच्या बाबतीत आकडा मालकाने टाकलेला नव्हता, बिल्डरने भिंत बांधतानाच टाकला होता. त्यामुळे मालक फसवला गेला, यात शंका नाही. पण फसवणूक उघड झाल्यावरही आकडा तसाच ठेवायचा आणि वर तो शोधून विकत घ्यायचा, याला काय म्हणावं?

पीयूसीचा दाखला तर ऐकण्यासारखा आहे. पंपाच्या कोपऱ्यातल्या व्हॅनमधला मुलगा सायलेन्सरमध्ये नळी घालतो, तीन-चार वेळा अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबायला सांगतो आणि एक चिठ्ठी छापून हातात देतो. डिझेल गाडीची ही तपासणी धूर किती दाट आहे एवढंच बघते. नायट्रोजन ऑक्साइड ती मोजतच नाही. सायलेन्सरमधून निघणारा नायट्रिक ऑक्साइड तर रंगहीन असतो. गंमत अशी की ईजीआर कमी चालवला तर काजळी कमी होते. म्हणजे लबाड गाडी पीयूसीला उलट जास्त साळसूद दिसू शकते. जाणकारांनी पुरावा म्हणून जी चिठ्ठी नाचवली ती आरोपीनेच लिहून दिलेल्या शिफारशीसारखी आहे.

हे सूर नवे नाहीत. 1995 मध्ये चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आलं तेव्हा ‘याने इंजिनं बसतील’ म्हणणारे होते. 2000 मध्ये शिसं देशभरातून गेलं, इंजिनं चालत राहिली. सीएनजीची रिक्षा चढाला ओढत नाही, हेल्मेटने केस गळतात आणि मान आखडते (हे खास पुण्याचं संशोधन), हेही ऐकून झालं. प्रत्येक वेळी तक्रारीत चिमूटभर तथ्य असतं आणि त्यावर घागरभर युक्तिवाद ओतलेला असतो.

मग मालकाने करायचं काय? अपडेट घ्यावं आणि भांडायचं तिथे भांडावं. अमेरिकेतल्या दोन लिटरच्या गाड्यांच्या मालकांना गाडी परत विकण्याचा किंवा दुरुस्त करून घेण्याचा पर्याय मिळाला, दोन्हीत रोख भरपाईसह. युरोपात अपडेटनंतर काही ठरावीक भागांची दोन वर्षं हमी तरी दिली गेली. आपल्याकडे राष्ट्रीय हरित लवादाने मार्च 2019 मध्ये 500 कोटींचा दंड ठोठावला आणि सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. बीएस-4 मध्ये रस्त्यावरच्या प्रदूषणाला मर्यादाच नव्हती, त्यामुळे रिकॉल स्वखुशीचा ठरला. रस्त्यावरची चाचणी बीएस-6 च्या दुसऱ्या टप्प्यात, एप्रिल 2023 मध्ये आली. ईजीआर आणि इंजेक्टरची लेखी हमी मागायला हवी होती ती जाणकारांनीच. त्यांच्या शब्दाला वजन होतं. ते त्यांनी पिकअपच्या सुतकात खर्ची घातलं.

जुनी गाडी बघायला जाणाऱ्याने चॅसी नंबर घेऊन सर्व्हिस सेंटरला विचारावं. रिकॉल बाकी असेल तर विकणाऱ्याला व्यवहाराआधी करून घ्यायला लावावा, टाकी ते टाकी अ‍ॅव्हरेज काढावं आणि गाडी एकदा खंबाटकीला न्यावी. तिसऱ्या गिअरमधली ती पोकळी फारच खुपली तर किमतीतून दहा-पंधरा हजार कमी करून मागावेत. विकणारा कुरकुरेल, पण देईल.