झिजलेले दाते

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर काढला, त्याआधी त्यांनी कडबा कापायचं यंत्र बनवलं होतं. तसलं हातचाकाचं जुनं यंत्र वाशिंद-शहापूरकडच्या एखाद्या गोठ्यात पडलेलं असेल, तर ते भंगारात घालू नका. पेंढा आत ओढणाऱ्या रुळांचे गिअर झिजले की तुकडे लहान-मोठे पडतात, दोष बहुतेक एवढाच. पण हे गिअर बिडाचे. थंड बिडावर साधं वेल्डिंग केलं, तर शेजारीच तडा जातो. आधी सावकाश तापवून पितळेनं दाता भरावा, गिअर राखेत पुरून हळूहळू निवू द्यावा, मग कानशीनं आकार द्यावा. दोन्ही गिअर झिजले असतील तर जोडीच बदला. जुना नव्यालाही खातो. आणि गिअरवरचं झाकण आठवणीनं परत बसवा, घरात लहान मुलं असतात.