धुराड्यातला पारा आणि ताटातला मासा

गेल्या महिन्यात राजवाड्यासमोर एक परिचित वहिनी भेटल्या. हाती डोहाळजेवणाच्या हिरव्या साडीची पिशवी, मुद्रेवर मात्र काळजी. चिरंजीव सिंगरौलीस औष्णिक वीज केंद्रात नोकरीला, सूनबाईंना पाचवा महिना. ‘‘भाऊजी, तिला मासळीवाचून घास उतरत नाही. तिथे रिहंदचा मासा ताजा मिळतो, पण त्यात पारा असतो म्हणतात. मीठ-हळदीने दोनदा धुऊन घे, असे मी तिला कळविले आहे. पुरेल ना?’’

पुरणार नाही, हे सांगणे जिवावर आले. लाल कल्ले, चकचकीत डोळे, दाबताच वर येणारे मांस ही आपल्या घरांतील पारख ताजेपणाची होय. पाऱ्याला ती लागू पडत नाही. माशातल्या पाऱ्याला ना वास, ना चव. तो मांसातील प्रथिनांशी जखडलेला असल्याने धुऊन, तळून वा कोकम घालून जात नाही.

दगडी कोळशात पारा अल्पांशाने असतोच. भट्टीत त्याची वाफ होऊन ती धुराड्यावाटे बाहेर पडते. काही भाग जवळपास उतरतो, काही महिनोन्‌महिने वाऱ्यावर हिंडतो. जलाशयाच्या गाळातील जिवाणू त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात आणि सूक्ष्म जीवांतून लहान माशांत, त्यांतून मोठ्या माशांत तो साठत जातो. रिहंदच्या काठी अशा वीज केंद्रांची दाटी आहे. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०१२ साली लगतच्या सोनभद्र जिल्ह्यात तपासणी केली, तेव्हा माशांत आणि रहिवाशांच्या रक्तात मर्यादेबाहेर पारा आढळला. (सांडपाण्याचाही त्यात वाटा आहे, सारे पाप धुराड्यांच्या माथी मारणे न्याय्य नव्हे.)

मिथिल पारा वारेतून गर्भापर्यंत पोहोचतो व त्याच्या वाढत्या मेंदूस अपाय करतो. शरीरातला निम्मा पारा जाण्यासच सुमारे ५० ते ७० दिवस लागतात. म्हणून तूर्त तेथील मासा बंद, असे मी सुचविले. मासळीच सोडावी असे मात्र नाही. बाळाला ती हितकर आहे. मुशी, मोठी सुरमई हे शिकारी मासे टाळावेत. बांगडा, तारली, बोंबील चालतील. परमुलखातील तळ्यातला रोहूही चालेल. माशांतही शाकाहारी असतात!

‘‘मग इथूनच सुके बोंबील धाडते,’’ वहिनी म्हणाल्या. मग थबकल्या. ‘‘सूनबाईंकडे कामाला येणारी बाईही गरोदर आहे. नवरा त्याच धरणात जाळे टाकतो. तिला काय सांगू?’’

केंद्र सरकारने २०१५ च्या डिसेंबरात धुरातील पाऱ्यास मर्यादा घातली, एवढे मी सांगू शकलो. पण त्याआधी गाळात उतरलेला पारा तेथेच आहे.