गुहेतली गोष्ट आणि तिचा दुभाषी

डिसेंबर २००४ मध्ये दाइसुके अमाया नावाच्या एका जपानी गृहस्थाने स्वतः रचलेला एक संगणकीय खेळ जगाला फुकट वाटून टाकला. खेळाचे नाव ‘दोकुत्सु मोनोगातारी’, म्हणजे गुहेची गोष्ट; इंग्रजी जाणणारे जग त्याला ‘केव्ह स्टोरी’ म्हणते. पाच वर्षे फावल्या वेळात हा माणूस एकटा बसून तो घडवीत होता. आज्ञावली त्याची, चित्रे त्याची, संगीत त्याचे आणि कथाही त्याचीच. स्मृती हरवलेला एक यंत्रमानव आकाशात तरंगणाऱ्या बेटाच्या पोटातील गुहेत जागा होतो, सशासारखे दिसणारे मिमिगा नावाचे जीव त्याला भेटतात आणि त्यांच्या मुळावर उठलेल्या एका डॉक्टरशी त्याची गाठ पडते, एवढेच कथासूत्र. हौशी मंडळींनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि खेळ देशोदेशी गेला. मोठ्या कंपनीच्या आश्रयाविना, एकदोघांनी केलेल्या ज्या खेळांना आज ‘इंडी’ म्हणतात, त्यांच्या परंपरेत या खेळाला मोठा मान आहे.

एकटा माणूस पाच वर्षे टेबलाशी बसून एक जग उभे करतो, ही गोष्ट कादंबरी लिहिणाऱ्याला ओळखीची वाटावी अशीच आहे. परंतु साम्य तेथेच संपते. छापलेल्या कादंबरीला वाचकाचे डोळे आणि थोडा उजेड पुरतो. खेळाला यंत्र लागते, त्या यंत्रावर विशिष्ट कार्यप्रणाली लागते, आणि ही दोन्ही ज्यांच्या हाती असतात त्यांना पाचदहा वर्षांनी नवे काही विकायचे असते. अमायाने आपला खेळ त्या काळच्या विंडोजसाठी लिहिला. चित्र पडद्यावर आणण्यासाठी त्याने वापरलेली ‘डायरेक्टड्रॉ’ ही सोय मायक्रोसॉफ्टने पुढे मागे टाकली. ॲपलने २०१९ साली आपल्या ‘कॅटालिना’ प्रणालीतून बत्तीस बिटांच्या आज्ञावल्यांचा आधार काढून घेतला आणि मॅकवरचे असंख्य जुने खेळ एका रात्रीत मुके झाले. २०२० च्या नोव्हेंबरात त्याच कंपनीने संगणकाचा मेंदूच बदलला. इंटेलची जागा स्वतःच्या एम-१ ने घेतली. या सगळ्या काळात अमायाच्या खेळातले एक अक्षरही बदललेले नाही. जग त्याच्या भोवतीने सरकले.

येथे दुभाष्याचे काम सुरू होते. ‘वाईन’ नावाची आज्ञावली १९९३ साली काही हौशी मंडळींनी लिहावयास घेतली. विंडोजसाठी केलेली आज्ञावली लिनक्ससारख्या परक्या प्रणालीवर चालावी, हा हेतू. १९९४ पासून अलेक्झांद्र जुलियार हे तिचे सूत्रधार आहेत. पहिली पूर्णांक आवृत्ती प्रसिद्ध व्हावयास जून २००८ उजाडला. पंधरा वर्षे ‘अजून पूर्ण नाही’ असे प्रांजळपणे सांगत काम करणारी माणसे आजच्या काळात विरळाच.

वाईनचे काम कसे चालते, हे बँकेच्या खिडकीवर बसलेल्या माणसाला चटकन समजेल. समजा, जुना खातेदार दहा वर्षांपूर्वीची पैसे काढण्याची स्लिप भरून आला. शाखेत आता सगळेच नमुने बदललेले. उद्दाम कारकून स्लिप परत फेकतो. समजूतदार कारकून ती घेतो, त्यातला मजकूर नव्या नमुन्यात मांडतो, आतून पैसे आणवतो आणि खातेदाराच्या हातावर ठेवतो. खातेदाराला काही बदलल्याचा पत्ताही लागत नाही. खेळ प्रणालीकडे सतत काही ना काही मागत असतो: ही फाइल उघड, येथे चित्र काढ, हा आवाज वाजव. वाईन प्रत्येक मागणी ऐकते आणि खालच्या प्रणालीला कळेल अशा मागणीत तिचे रूपांतर करते. संपूर्ण जुन्या यंत्राचे सोंग आणणारी आज्ञावली वेगळी, तिला ‘एम्युलेटर’ म्हणतात. २००२ पासून चालत आलेले ‘डॉसबॉक्स’ त्या जातीचे. वाईन त्यातली नव्हे, हे तिच्या पूर्ण नावातच सांगून ठेवले आहे. नव्या मॅकवर मात्र एक दुभाषी पुरत नाही. वाईन मागण्यांचे भाषांतर करते आणि ॲपलचे ‘रोझेटा’ इंटेलच्या आज्ञांचे. त्या दोघांच्या खांद्यांवर बसून अमायाचा यंत्रमानव गुहेत उड्या मारतो.

या भाषांतरात एक गंमत आहे. येथे भाषांतरकाराला मूळ लेखकाच्या चुकाही इमानाने उतराव्या लागतात. जोएल स्पोल्स्की या आज्ञावलीकार लेखकाने नोंदवून ठेवलेली हकीकत आहे. ‘सिमसिटी’ या खेळात एक दोष होता. स्मृतीतली जी जागा परत केली, तीच तो पुन्हा वाचू पाहत असे. जुन्या विंडोजवर ते खपून जाई. विंडोज ९५ वर खेळ कोसळू लागला. मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी काय केले? चालू असलेला खेळ सिमसिटी आहे काय हे विंडोजनेच तपासावे, आणि असल्यास सोडलेली जागा लगेच काढून घेऊ नये, अशी खास तजवीज केली. जुन्या आज्ञावल्यांविषयी मायक्रोसॉफ्टने अनेकदा असा सोशिकपणा दाखवला आहे, हे तिच्या टीकाकारांनीही मान्य करावे.

केव्ह स्टोरीची बाबही अशीच नाजूक. तिचा पडदा ३२० बाय २४० ठिपक्यांचा आणि गती सेकंदाला पन्नास चित्रांची. आजचे बहुतेक पडदे साठ वेळा उजळतात. साठच्या तालावर खेळ पळवला तर उडीचा अंदाज चुकतो, शत्रू लवकर येतो, संकट अवघड होते. ‘सुधारून’ दाखवण्याची हौस असलेल्यांना हे कळत नाही. त्या पन्नासात अमायाचे लय-भान आहे. चित्रे गुळगुळीत करून आणि गती वाढवून जे उरते ते दुसरेच काही असते. माझे मत विचाराल तर ओबडधोबड ठिपक्यांसकट खेळ जसाच्या तसा चालवणाऱ्या दुभाष्याला मी नव्या चकचकीत आवृत्तीपेक्षा अधिक गुण देईन.

मग हे काम करते कोण? बरेचसे स्वयंसेवक, आणि काही पगारी माणसे. अमेरिकेतील ‘कोडवीव्हर्स’ ही लहानशी कंपनी वाईनवरच पोट भरते. कॅटालिनाने दार लावल्यावर काही महिन्यांतच, डिसेंबर २०१९ मध्ये, बत्तीस बिटांच्या विंडोज आज्ञावल्या तेथे चालवण्याची वाट तिने शोधली. ऑगस्ट २०१८ मध्ये ‘व्हॉल्व्ह’ या खेळविक्रेत्या कंपनीने वाईनवर आधारलेले ‘प्रोटॉन’ आणले आणि २०२२ साली त्याच्याच बळावर ‘स्टीम डेक’ हे हातातले यंत्र बाजारात उतरवले. व्हॉल्व्हने हे धर्मादाय म्हणून केलेले नाही. विंडोजच्या मालकाच्या मर्जीवर आपले दुकान अवलंबून राहू नये, हा तिचा व्यापारी हिशेब. हिशेब आहे तोवर सोय आहे. ॲपलने जून २०२५ मध्ये जाहीर केले की रोझेटा आणखी दोन आवृत्त्यांपुरतेच पूर्णपणे उपलब्ध राहील. त्यानंतर कोणी वाली न उरलेल्या जुन्या खेळांपुरता त्यातला काही भाग ठेवला जाईल. एवढ्या मोठ्या कंपनीला अनाथ खेळांची आठवण राहिली, हे बरेच म्हणायचे. परंतु तो तुकडा किती वर्षे, याचे उत्तर त्या घोषणेत नाही.

पोरासोरांच्या खेळासाठी इतका आटापिटा कशाला, असे विचारणारे वाचक असतील. मूक चित्रपटांविषयी आपण हेच म्हणत होतो. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची, १९१३ च्या आपल्या पहिल्या चित्रपटाची, संपूर्ण प्रत आज उपलब्ध नाही. त्या वेळी त्याला तमाशा समजणाऱ्यांना कोणी पुढे जाब विचारला नाही. ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर मिळत नाहीत. ग्रंथालयांनी असे खेळ अभ्यासकांना दुरून उघडून द्यावेत, एवढीच सवलत मागितली गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथील कॉपीराइट कार्यालयाने ती नाकारली. लोक हे खेळ मनोरंजनासाठी वापरतील, ही एक भीती! वाचणाऱ्याला मजा वाटेल म्हणून ग्रंथपालाने कादंबरी कुलपात ठेवावी, तसाच हा प्रकार.

आपला कायदा एका बाबतीत उदार आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये १९९९ साली भर घातली गेली. रीतसर ताब्यात असलेल्या आज्ञावलीशी दुसरी स्वतंत्र आज्ञावली जुळावी यासाठी लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर ती मिळवण्याची खटपट हक्कभंग ठरत नाही. म्हणजे दुभाषी घडवणाऱ्याला येथे काही आधार आहे. जतन करण्याची यंत्रणा मात्र शून्य. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकावर पुस्तकाच्या प्रती कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईसह इतर नेमून दिलेल्या ग्रंथालयांना पाठवण्याचे बंधन घातले. त्यातली पुस्तकाची व्याख्या छापील वस्तूंपाशी थांबते. बँकांनी कोणत्या वह्या पाच वर्षे आणि कोणत्या आठ वर्षे जपायच्या, याचेसुद्धा १९८५ चे नियम आहेत. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स’ या छोट्या चमूने २०२० साली ‘राजी’ हा खेळ जगापुढे आणला. भारतीय पुराणकथांच्या आणि लघुचित्रांच्या वळणाने जाणारा तो खेळ पुण्यात घडला, याचा आपल्याला अभिमान वाटतो. २०५० साली तो उघडायचा झाला तर कोठे जावे, हे कोणत्याही खात्याला ठाऊक नाही.

मराठी लेखकांना हा अनुभव नवा नाही. नव्वदच्या दशकात संगणकावर जुळवलेला आपला मजकूर ज्या-त्या फाँटच्या खाजगी संकेतांत अडकलेला होता. फाँट नाहीसा झाला की कथेच्या जागी रोमन अक्षरांचा चिवडा दिसे. युनिकोड रुळल्यावर त्या फाइली सोडवणारी रूपांतरके अनेकदा कोणा हौशी माणसानेच रात्री जागून लिहिली.

तेव्हा १९५४ च्या कायद्यात ‘पुस्तक’ या शब्दाशेजारी संगणकीय खेळालाही जागा द्यावी. चालू स्थितीतील प्रत, तिला कोणती प्रणाली व कोणत्या सोयी लागतात याची यादी आणि मालकाची संमती असेल तर मूळ आज्ञावलीचा मजकूर, इतके एका ग्रंथालयाने घ्यावे. मुंबईच्या टाऊन हॉलमधल्या ग्रंथालयापासून सुरुवात करण्यास हरकत नसावी. तोपर्यंत ज्यांच्या घरी संगणक आहे त्यांनी केव्ह स्टोरीची मूळ आवृत्ती जरूर उतरवून घ्यावी. ती आजही फुकट मिळते, वाईनवर चालते, आणि शेवटच्या गुहेपर्यंत पोहोचायला चांगल्या जाड कादंबरीइतका वेळ लागतो.