व्यवसायापूर्वी दोन पाने

स्मरणिकेत गुरुजनांच्या आठवणी लिहाव्यात, असा प्रघात आहे. मी मात्र येथे माझ्या एका अपयशाविषयी लिहीत आहे. त्यातून मिळालेला धडा माजी विद्यार्थ्यांच्या आणि पालकांच्या उपयोगी पडावा, एवढीच इच्छा.

शिक्षण संपल्यावर नोकरी मिळेना, म्हणून मी झेरॉक्स व स्टेशनरीचे दुकान काढले. त्यासाठी आईने आपल्या पाटल्या गहाण ठेवल्या. दुकान चौदा महिन्यांत बंद पडले. गिऱ्हाईक येत नव्हते असे नाही. पण गल्ल्यात पडेल तो नफा, अशी माझी समजूत होती. भाडे, वीज, कागद, दुरुस्ती आणि उधारी वजा जाता हाती काय उरते, हे मी एकदाही कागदावर मांडले नव्हते.

ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दुकान चालते, तेथील मुलांच्या कानी हिशेब जेवताजेवता पडतो. उधारी किती द्यावी, माल कधी भरावा, हे त्यांना कोणी वेगळे शिकवत नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी शेतमजुरी होती, गिरणीतली किंवा सरकारी नोकरी होती, दुकान नव्हते. त्यामुळे त्यांना जे ऐकून येते, ते आपण लिहून मिळवले पाहिजे. व्यवसायाचा आराखडा ही मोठ्या कंपन्यांची चैन नसून त्याची सर्वाधिक गरज आपल्यालाच आहे, असे माझे ठाम मत आहे.

हा आराखडा दोन पानांत मावतो. पहिल्या पानावर शब्द: मी काय विकणार, कोणाला विकणार, ते लोक आज ती वस्तू कोठून घेतात आणि उद्या माझ्याकडे का येतील? दुसऱ्या पानावर आकडे. समजा, एखादी भगिनी महाविद्यालयाजवळ जेवणाचे डबे पुरवू इच्छिते. रोज ३० डबे, प्रत्येकी ६० रुपये, महिन्याचे २६ दिवस; जमा झाले ४६,८०० रुपये. रक्कम मोठी दिसते. पण एका डब्याचा शिधा व गॅस ३५ रुपये धरला, तर २७,३०० रुपये तेथेच गेले. जागेचे भाडे ४,०००, मदतनीस बाईंचा पगार ६,०००, डबे पोहोचवण्याचा खर्च ३,५०० आणि कर्जाचा हप्ता २,५०० वजा करता उरतात ३,५०० रुपये. पहाटेपासून राबणाऱ्या त्या भगिनीची ही महिन्याची कमाई!

तेच डबे ५० झाले आणि पोहोचवण्याचा खर्च १,५०० रुपयांनी वाढला, तरी हाती १५,००० रुपये राहतात. म्हणजे ‘डबे सुरू करू का?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘५० गिऱ्हाईके मिळतील का?’ हा खरा प्रश्न, आणि तो कागदाने विचारला. शिवाय उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थी गावी जातात. भाडे आणि हप्ता मात्र थांबत नाहीत. दोन महिन्यांचे १३,००० रुपये आधीच बाजूला ठेवावे लागतील.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत, असे सांगितले आहे: एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि चौथा संकटकाळासाठी राखून. हे सुत्त मी ऐकले होते. तरीही सारे भांडवल यंत्रात घातले आणि चौथा भाग शून्य ठेवला. यंत्र पहिल्यांदा बिघडले, तेव्हाच माझे दुकान खऱ्या अर्थाने बंद झाले होते.

आज कर्जाच्या वाटा आहेत. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत लहान व्यावसायिकाला तारणाशिवाय कर्ज मिळू शकते. बँक प्रकल्प अहवाल मागते आणि पुष्कळजण तो पैसे मोजून दुसऱ्याकडून तयार करवून घेतात. असा अहवाल अनेकदा हव्या असलेल्या कर्जाच्या रकमेला जुळवलेला असतो. अर्जासाठी मदत अवश्य घ्यावी. पण आपली दोन पाने आपणच, आपल्या मराठीत, आपल्या हाताने लिहावीत. बँकेला अहवाल एकदा दाखवायचा असतो. हप्ता आपल्याला दरमहा फेडायचा असतो.

‘कागदावरचे आकडे बाजारात टिकत नाहीत,’ असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. म्हणूनच पहिल्या महिन्यानंतर ती पाने पुन्हा लिहायची. कोठे चुकले हे कळण्यासाठी आधी काय ठरवले होते, ते लिहिलेले असावे लागते.

माझी एक सूचना आहे. आपल्या माजी विद्यार्थ्यांत बँक कर्मचारी आहेत, हिशेबनीस आहेत, यशस्वी दुकानदारही आहेत. दरवर्षीच्या स्नेहमेळाव्यात सत्काराच्या कार्यक्रमातून एक तास काढावा. नवा व्यवसाय करू इच्छिणाऱ्यांनी आपली दोन पाने घेऊन यावे आणि या अनुभवी मंडळींनी ती त्यांच्याशेजारी बसून तपासावीत. माझी दोन पाने त्या वेळी कोणी तपासली असती, तर आईच्या पाटल्या वाचल्या असत्या.